जहाजं नुसत्या वादळाने बुडत नसतात

खारवट

'रॉयल चार्टर' हे नाव मराठीत फारसं कुणी घेतलेलं दिसत नाही. हवामान खात्याचा रोजचा अंदाज मात्र सगळेच घेतात, आणि चुकला की त्याला शिव्याही घालतात. त्या अंदाजामागे ज्या बोटीचं मरण आहे तिच्याबद्दल हा धागा. मग तिथून जिथे जाईल तिथे जाऊ.

रॉयल चार्टर १८५५ साली पाण्यात उतरली. लोखंडी बांधा, २,७१९ टन, तीन डोलकाठ्या, आणि पोटात २०० अश्वशक्तीचं छोटं वाफेचं इंजिन. वारा असेल तोवर शिडं, पडला की इंजिन. ऑस्ट्रेलियात सोनं सापडून चारच वर्षं झाली होती, इंग्लंडहून माणसांचे लोंढे तिकडे निघाले होते आणि 'साठ दिवसांच्या आत' ही या बोटीची जाहिरात होती. साध्या शिडाच्या जहाजाला तोच प्रवास तीन महिने, कधी त्याहून जास्त लागे.

२६ ऑगस्ट १८५९ ला ती मेलबर्नहून लिव्हरपूलला निघाली. उतारूंत खाणीत कमाई करून घरी परतणारे पुष्कळ. बोटीच्या तिजोरीत विमा उतरवलेलं सुमारे ३,२२,००० पौंडांचं सोनं होतं. लोकांनी कमरेच्या पट्ट्यांत आणि पेट्यांत बाळगलेलं वेगळं, त्याचा हिशेब कुणापाशीच नव्हता. आयर्लंडच्या क्वीन्सटाउनला काही उतारू उतरले, तिथून घरोघर 'सुखरूप पोचलो' अशा तारा गेल्या. २५ ऑक्टोबरला दुपारनंतर बोट वेल्सच्या होलिहेड बंदरासमोरून गेली. बंदरात तेव्हाची जगातली सर्वांत मोठी बोट 'ग्रेट ईस्टर्न' उभी होती. ती बघायला सगळे डेकवर जमले. आभाळ बिघडलेलं होतं. कॅप्टन टेलर बंदरात शिरला नाही. लिव्हरपूल काही तासांवर होतं आणि तो दिवस होता साठावा.

रात्री लिव्हरपूलचा पायलट (बोटीला बंदरात नेणारा वाटाड्या) घ्यायचा होता, पण समुद्र इतका खवळला की पायलटची बोट जवळ येऊच शकेना. दहाच्या सुमारास वारा फिरला आणि उत्तर-ईशान्येकडून सरळ अँगलसी बेटाच्या किनाऱ्याकडे ढकलू लागला. अकराला दोन्ही नांगर टाकले. दीडला एका नांगराची साखळी तुटली, तासाभराने दुसरीही गेली. वाऱ्याची पकड कमी व्हावी म्हणून डोलकाठ्या तोडल्या. इंजिन पूर्ण जोरात चालू होतं, तरी बोट मागेच जात होती. आधी ती वाळूत रुतली, आणि तिथेच राहिली असती तर कदाचित निभावलं असतं. पण भरती चढत होती. भरतीने तिला वाळूवरून उचललं आणि मोएल्व्रे गावाजवळच्या खडकांवर आपटून दोन तुकडे केले.

पहाटे घराचं छप्पर सांभाळायला बाहेर पडलेल्या गावकऱ्यांना ती दिसली. जोसेफ रॉजर्स नावाचा माल्टाचा खलाशी (मूळ नाव गुझी रुजिएर) कमरेला दोर बांधून त्या पाण्यात उतरला, किनाऱ्याला लागला आणि दोर पक्का केला. त्या दोरावरून काही जण वाचले. चाळीसच्या आसपास. सुमारे साडेचारशे गेले. वाचलेल्यांत बाई एकही नाही, मूल एकही नाही. किनारा हाकेच्या अंतरावर होता आणि बरेच जण बुडून नाही, खडकांवर आपटून मेले.

त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर १३३ जहाजं बुडाली, आठशेच्या आसपास माणसं गेली. यातली निम्म्याहून जास्त एकट्या रॉयल चार्टरवरची.

माझं म्हणणं असं की एकोणिसाव्या शतकातल्या बोटींच्या कहाण्या वाचताना वादळ फार तर शेवटचा धक्का असतो. बोट कुठे बांधली, किती भरली, विमा किती रकमेचा, धोक्याची सूचना द्यायला कुणी होतं का, हे बंदरात आणि कचेरीत आधीच ठरून गेलेलं असतं. पटत नसेल तर भांडा.

---

अलिबागकर

सुंदर लिहिलंय. आमच्याकडे बोट बुडाली म्हटलं की 'रामदास'च. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. आजही रेवसला जुन्या माणसांसमोर नाव काढलं की गप्प होतात. ती पण घ्या ना.

---

खारवट

@अलिबागकर, रामदास आणि १९२७ साली एकाच दिवशी बुडालेल्या तुकाराम आणि जयंती, या तिन्हींना वेगळा धागा हवा आणि तो तुमच्यासारख्या त्या किनाऱ्यावरच्या माणसाने काढावा. इथे १८०१ ते १९०० ची हद्द पाळू या, नाहीतर प्रतिसाद बाराव्या पानावर टायटॅनिकला जाऊन धडकतील.

---

फटकळ

कॅप्टनची घाई, बस. साठ दिवसांची फुशारकी मारायची होती. यात कचेरी, कारखाना कशाला आणताय?

---

निवृत्त_मेट

फटकळ, जरा थांबा. तीस-पस्तीस वर्षं डेकवर काढलेला माणूस म्हणून बोलतो.

दुपारी होलिहेडसमोर असताना वारा पूर्वेच्या अंगाचा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. अशा वाऱ्यात त्या किनाऱ्याला धरून जाणं वेडेपणाचं नव्हतं, उलट जमिनीचा आडोसाच मिळतो. बेटाचं उत्तर टोक ओलांडल्यावर वारा उत्तरेकडे फिरला आणि जो किनारा आडोसा होता तोच सापळा झाला. भर समुद्रात वादळ सोसता येतं, बोट वाऱ्याबरोबर पळवता येते. वारा जमिनीकडे रेटत असेल आणि मागे जागा नसेल तर काही हातात राहत नाही. आपल्याकडचे तांडेलसुद्धा पावसाळ्यात खडकाळ टोकं लांबून घेतात ती याच भीतीने.

आता २०० अश्वशक्तीबद्दल. २,७०० टनांच्या बोटीला हे इंजिन वारा पडल्यावर ढकलायला दिलेलं होतं. शंभर मैल वेगाच्या वाऱ्यात तोंड धरून उभं राहायला नव्हे. त्यावर तीन डोलकाठ्या आणि त्यांच्या दोरखंडांचं जंजाळ, म्हणजे शिडं गुंडाळली तरी वाऱ्याला धरायला भरपूर. ही बोट धड शिडाची नव्हती, धड वाफेची नव्हती. मालकांना कोळसा वाचवायचा होता म्हणून इंजिन लहान. खारवट यांचं 'कचेरीत ठरलेलं' मला तरी इथे पटतं.

कॅप्टन टेलरने होलिहेडला थांबायला हवं होतं का? हो. पण त्याला वारा फिरणार हे सांगणारं कोण होतं? त्याच्याकडे उतरत चाललेला बॅरोमीटर होता, बाकी काही नाही.

---

ऋता

मेटकाका, शेवटच्या वाक्यावरून विचारते. फिट्झरॉय इथेच येतो ना? डार्विनच्या बीगल जहाजाचा कॅप्टन?

---

खारवट

तोच. रॉबर्ट फिट्झरॉय १८५४ पासून ब्रिटिश सरकारच्या नव्या हवामान विभागाचा प्रमुख होता, पण काम होतं जहाजांच्या नोंदवह्यांतले वारे-तापमान गोळा करून तक्ते करण्याचं. अंदाज सांगणं कुणी मागितलेलं नव्हतं. रॉयल चार्टरनंतर त्याने ठिकठिकाणच्या नोंदी जुळवून दाखवलं की हे वादळ एकदम सगळीकडे उपटलं नाही, ते पुढे सरकत आलं. आणि तार वादळापेक्षा जलद जाते. मग दक्षिणेच्या बंदराने उत्तरेच्या बंदराला कळवायचं, एवढीच साधी गोष्ट.

फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना तारेने इशारे सुरू झाले. बंदरावर खांबाला शंकू चढवायचा: टोक वर असेल तर वादळ उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. एकामागून एक वादळं येणार असतील तर पिंपासारखं नळकांडं. लिहिता-वाचता न येणाऱ्या कोळ्यालाही लांबून कळावं अशी खूण. कोकणात 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हणतात ना, ती याच घराण्यातली. १ ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या टाइम्समध्ये रोजचा अंदाज छापून येऊ लागला.

---

फटकळ

आणि ते अंदाज धडाधड चुकायचे हेही लिहा की. लोक टर उडवायचे. फिट्झरॉयने १८६५ मध्ये गळा कापून घेतला. पुढे गॅल्टन वगैरे शास्त्रज्ञ मंडळींच्या समितीने सांगितलं की या अंदाजांना शास्त्रीय आधार नाही.

---

खारवट

खरं आहे सगळं. ३० एप्रिल १८६५. कर्ज होतं, मनाचा आजार होता, टीकाही होती. समितीचा अहवाल १८६६ मध्ये आला आणि वर्षाअखेर अंदाज आणि बंदरावरचे इशारे दोन्ही बंद झाले. पण पुढचं राहिलं तुमचं: इशारे बंद झाल्यावर ओरडा केला तो बंदरातल्या लोकांनी. १८६७ मध्ये इशारे पुन्हा सुरू करावे लागले. वर्तमानपत्रातला अंदाज मात्र बरीच वर्षं परतला नाही. शास्त्रज्ञांना दहांपैकी चार चुका दिसत होत्या, होडीवाल्याला दहांपैकी सहा वेळा वाचलेली होडी. (आकडे माझे, उदाहरणापुरते. लगेच तुटून पडू नका.)

---

रेणुका_पु

बायका-मुलांपैकी एकही वाचलं नाही हे वाचून थांबले. मग ते 'बायका-मुलं आधी' कुठून आलं?

---

निवृत्त_मेट

रेणुकाताई, ते 'बर्कनहेड'वरून. २६ फेब्रुवारी १८५२, दक्षिण आफ्रिकेच्या डेंजर पॉइंटजवळ, पहाटे दोन-अडीचचा सुमार. सैनिक घेऊन जाणारी लोखंडी आगबोट पाण्याखालच्या खडकावर चढली. जहाजावर सुमारे ६४० माणसं. बायका-मुलांना होडीत बसवलं आणि सैनिकांना डेकवर रांगेत उभं केलं. होडीकडे धावलात तर ती उलटेल, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. बहुतेक उभे राहिले. बायका-मुलं सगळी वाचली, एकूण १९३ वाचले. जहाजावरचे काही घोडेसुद्धा पोहून किनाऱ्याला लागले.

शौर्य खरंच, त्याबद्दल दुमत नाही. पण मला कायम खुपते ती दुसरी गोष्ट. जहाजावरच्या होड्यांपैकी तीनच पाण्यात उतरवता आल्या. बाकीच्यांच्या कप्प्या आणि दोर गंजून, रंगाचे थर बसून घट्ट झाले होते. वर्षानुवर्षं वरून रंग मारत गेले, एकदाही खाली सोडून बघितलं नाही. सैनिकांना शिस्तीत उभं राहावं लागलं ते त्यामुळे. कवितेत शिस्त येते, कप्पी येत नाही.

---

रेणुका_पु

कप्पी येत नाही! दंडवत काका.

---

सोमण_डोंबिवली

वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

ऋता

लोखंडी बोटींत होकायंत्र चुकायचं असं कुठेतरी वाचलं होतं. कुणी सांगेल का?

---

निवृत्त_मेट

माझा आवडता विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

बोट बांधताना महिनोन्‌महिने एकाच दिशेला तोंड करून उभी असते आणि तिच्या लोखंडावर हजारो रिव्हेट ठोकली जातात. ठोकाठोकीत लोखंड पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे स्वतःच चुंबक होतं. मग अशा अख्ख्या चुंबकाच्या मधोमध होकायंत्र ठेवलं तर ते उत्तर काय दाखवणार? राजखगोलशास्त्रज्ञ एअरीने १८३८ मध्ये यावर उपाय काढला: होकायंत्राच्या आसपास लहान चुंबक आणि लोखंडाचे तुकडे अशा बेताने बसवायचे की बोटीची ओढ कापली जाईल. बंदरात हे उत्तम चालायचं. पण नव्या बोटीला लाटांचे तडाखे बसायला लागले की बोटीचं स्वतःचं चुंबकत्व बदलतं, आणि जुळवलेले चुंबक उलटं खोटं बोलू लागतात.

१८५४ च्या जानेवारीत 'टेलर' नावाची (ऑस्ट्रेलियाला जाणारी, पहिलाच प्रवास) भली मोठी लोखंडी बोट लिव्हरपूलहून निघाली. तिची होकायंत्रं एकमेकांशीच जुळेनात. धुकं आणि वादळ. कॅप्टनला वाटत होतं आपण आयरिश समुद्रातून दक्षिणेला चाललोय, प्रत्यक्षात बोट पश्चिमेला आयर्लंडवर चालली होती. दोनच दिवसांत, २१ जानेवारीला, डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर आदळली. साडेतीनशेहून जास्त गेले. शंभरावर बायका होत्या, त्यातल्या तीन वाचल्या. घेरदार घागरे भिजले की पोहणं सोडाच, दोर धरून चढणंही शक्य नव्हतं.

यावरून विल्यम स्कोर्सबी आणि एअरी यांची चांगलीच जुंपली. स्कोर्सबी उमेदीत देवमाशांची शिकार करणारा दर्यावर्दी, नंतर पाद्री, आणि चुंबकत्वाचा अभ्यासक. त्याचं म्हणणं, होकायंत्र लोखंडापासून लांब, वर डोलकाठीवर न्या. ते सिद्ध करायला म्हातारपणी तो स्वतः ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवास करून आला. कोणत्या बोटीने? १८५६ साली, रॉयल चार्टरने.

---

खारवट

मेटकाका, हे मला लेखातच घालायला हवं होतं. आता तुमच्या प्रतिसादाची शोभा राहू दे.

---

विमेवाला

मी विम्यातला (जहाजांच्या नव्हे, आगीच्या), त्यामुळे खारवट यांच्या 'विमा किती रकमेचा' या वाक्यावर अडकलोय.

लोक समजतात विमा कंपनीला बोट बुडलेली नकोच असणार, म्हणजे ती डोळ्यांत तेल घालून तपासणी करेल. लंडनला लॉइड्स या विम्याच्या बाजारात तसं नव्हतं. एका बोटीची जोखीम शेकडो लोक थोडी थोडी उचलत. प्रत्येकाच्या वाट्याला आलेली रक्कम लहान. मालकाने जुनाट बोट वाढीव किमतीला दाखवून विमा काढला आणि ती बुडाली, तर शंका सगळ्यांना येई, पण कोर्टकचेरीचा खर्च एकट्याने कोण करणार? शिवाय दावे लढवणारा म्हणून नाव झालं की दलाल पुढच्या वेळी आपल्याकडे धंदा आणत नाहीत. त्यामुळे मुकाट पैसे दिले जात. वर खलाशाची अवस्था बघा: करारावर सही केल्यावर बोट सडकी आहे म्हणून चढायला नकार दिला तर तुरुंग. शेकडो खलाशी असे आत गेले. तुरुंग बरा म्हणणारेही होते.

अशा बोटींना 'शवपेटी जहाजं' म्हणायचे. या सगळ्यावर सॅम्युएल प्लिमसॉल तुटून पडला. हा कोळशाचा व्यापारी, १८६८ पासून डर्बीचा खासदार. १८७३ मध्ये त्याने खलाशांच्या बाजूने पुस्तक काढलं, मालकांनी त्याच्यावर बदनामीचे खटले भरले. २२ जुलै १८७५ ला पंतप्रधान डिझरायलीने जहाजांचं विधेयक गुंडाळायचं जाहीर केलं, तेव्हा प्लिमसॉल सभागृहात उभा राहून ओरडला, जहाजमालक सभासदांना नराधम म्हणाला, मुठी आवळून नाचला. सभापतींनी बाहेर काढलं. देशभर सभा झाल्या, आणि १८७६ चा कायदा झाला: प्रत्येक बोटीच्या कुशीवर भाराची रेषा हवी. रेषा पाण्याखाली गेली म्हणजे माल जास्त झाला.

---

फटकळ

आणि सगळं आबादीआबाद. सरकारी कायदा झाला ना!

---

विमेवाला

पुढे लिहू तर द्या! कायद्यात रेषा काढा म्हटलं होतं, कुठे काढा हे मालकावर सोडलं होतं. वेल्सच्या एका कॅप्टनने ती थेट धुराड्यावर रंगवली असं सांगतात. रेषेची जागा कायद्याने ठरायला १८९० उजाडावं लागलं. चौदा वर्षं. या वेळी तुमचा टोमणा बरोबर बसला, घ्या.

---

फटकळ

घेतला. छापून फ्रेम करतो.

---

मांडवी_मुलुंड

माहेर कोल्हापूरचं, सासर कच्छ-मांडवीचं. सासरी 'वीजळी' हे नाव मी लग्नाच्या पहिल्या वर्षात ऐकलं. खरं नाव 'वैतरणा'. आपल्या नदीचं नाव, मुंबईच्या शेफर्ड कंपनीची बोट, म्हणून इथे लिहिते.

१८८५ ची बांधणी, विजेचे दिवे असलेली, म्हणून लोकांनी तिला वीजळी म्हटलं. मांडवी ते मुंबई तीस तास, भाडं आठ रुपये. ८ नोव्हेंबर १८८८ ला ती मांडवीहून मुंबईला निघाली. लग्नाची वऱ्हाडं होती, आणि मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. कॅप्टन कासम इब्राहिम, लोकगीतांतला हाजी कासम. द्वारकेला थांबली, पोरबंदरला हवा बिघडलेली म्हणून थांबली नाही, आणि काठियावाडच्या किनाऱ्याजवळ चक्रीवादळात नाहीशी झाली. शोधायला आगबोटी गेल्या. फळकूट सापडलं नाही, प्रेत सापडलं नाही. ७४० हून जास्त माणसं.

नक्की आकड्यावर वाद आहेत, गाण्यांत तर तेरा वऱ्हाडं आणि तेराशे माणसं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका ती गाणी अजून म्हणतात, आणि त्यात हाजी कासमला दोष देत नाहीत, त्याचा शोक करतात. मला हे फार वेगळं वाटतं. मुंबई सरकारने चौकशी केली तेव्हा दिसलं की बोटीवर होड्या आणि जीवरक्षक साधनं पुरेशी नव्हती. हे गाण्यात नाही.

---

ऋता

बापरे. पण १८६१ पासून इशारे होते ना? इथे का पोचले नाहीत?

---

खारवट

हिंदुस्थानात हे शास्त्र मागे होतं असं नाही. उलट वादळांचा अभ्यास कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन फिट्झरॉयच्या आधीपासून करत होता. समुद्री अपघातांच्या चौकशी न्यायालयाचा हा अध्यक्ष. बुडता बुडता वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या जुळवून त्याने बंगालच्या उपसागरातली वादळं गोल फिरतात हे खलाशांना कळेल अशा भाषेत लिहिलं. 'सायक्लोन' हे नाव त्याचंच. १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरलला पत्र लिहून कळवलं होतं की बंगालमधल्या मातला नदीवर नवं बंदर बांधू नका, एक दिवस समुद्र आत येईल. बंदर बांधलं, पोर्ट कॅनिंग. १८६७ च्या वादळात ते धुऊन निघालं. तोवर पिडिंग्टन जाऊन नऊ वर्षं झाली होती. १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळात साठ हजारांच्या आसपास माणसं मेल्यावर तिथे बंदराला इशारे देण्याची व्यवस्था झाली आणि १८७५ मध्ये हिंदुस्थानचं हवामान खातं निघालं.

पण इशारा बंदरापर्यंतच जायचा. एकदा धक्का सुटला की बोटीला काही सांगायची सोय १८८८ मध्ये जगात कुठेच नव्हती. बिनतारी यंत्र जहाजांवर यायला शतक संपत आलं. बंगालच्या उपसागरातलं वादळ निदान किनाऱ्यावरच्या बंदरांना आधी जाणवतं. अरबी समुद्रात, पश्चिमेकडे तारघरच नाही अशा पाण्यात काय चाललंय हे मांडवीला कळणार कसं?

पण चौकशीत निघालेल्या होड्यांच्या तुटवड्याला हे कारण लागू पडत नाही. ती मुंबईत उभ्या बोटीवर मोजता येण्यासारखी गोष्ट होती.

---

विमेवाला

होड्यांवरून आठवलं. 'कॉस्पॅट्रिक', १८७४. ब्रह्मदेशात मौलमीनला बांधलेलं सागवानी जहाज, न्यूझीलंडला वसाहतीसाठी जाणारे चारशेहून जास्त लोक. नोव्हेंबरमध्ये केप ऑफ गुड होपच्या दक्षिणेला भर समुद्रात पुढच्या कोठारात आग लागली. डांबर, दोरखंड, रंग, तेल ठेवायची जागा ती. तास-दीड तासात जहाज हाताबाहेर गेलं. होड्या मुळात अर्ध्या लोकांनाही पुरणाऱ्या नव्हत्या, त्यातल्या दोनच धड निघाल्या. एकीचं पुढे काय झालं कुणालाच कळलं नाही. दुसरीतले तिघं जिवंत सापडले, दहा दिवसांनी, आणि त्या दहा दिवसांत त्यांनी काय खाल्लं ते इथे लिहीत नाही.

---

निवृत्त_मेट

होड्यांची संख्या तेव्हा माणसांवर नाही, बोटीच्या टनांवर ठरायची. विमेवाल्यांच्या लक्षात येईल, हा नियम मालाच्या विम्यासारखा आहे. मालवाहू बोटीला एक वेळ चालेल. पण उतारू कोंबलेल्या बोटीचे टन तेवढेच राहतात आणि माणसं दुप्पट होतात. हा नियम शतक ओलांडून पुढेही टिकला, आणि पुढचं नाव मी घेत नाही, खारवट यांनी हद्द आखून दिली आहे.

---

खारवट

:) आभार काका.

---

अलिबागकर

मेटकाका, ती भाराची रेषा म्हणजे मोठ्या बोटींवर गोल आणि आडवी रेघ असते तीच का? बाजूला शिडीसारख्या आखूड रेघा आणि अक्षरं असतात ती कशासाठी?

---

निवृत्त_मेट

तीच. गोल आणि मधून रेघ ही प्लिमसॉलची. बाजूच्या आखूड रेघा वेगवेगळ्या पाण्यासाठी. सर्वांत वर गोड्या पाण्याच्या, कारण नदीत बोट जास्त बुडते आणि समुद्रात गेली की वर येते. मग उष्ण कटिबंधाची, मग उन्हाळ्याची, मग हिवाळ्याची, आणि लहान बोटींना सर्वांत खाली उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याची. जेवढा समुद्र वाईट तेवढा माल कमी. न्हावाशेवाला माल उतरवून उभी असलेली बोट लाँचमधून दिसली तर मध्यभागी बघा, स्पष्ट दिसतं.

---

ऋता

पाण्यापासून डेकपर्यंतची उंची इतकी महत्त्वाची असेल तर युद्धनौकांना ती कोण मोजून द्यायचं?

---

खारवट

ऋता, 'एचएमएस कॅप्टन'. कोल्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने स्वतःच्या कल्पनेने फिरत्या तोफांची, बुटक्या बांध्याची युद्धनौका करवून घेतली आणि तिच्यावर पूर्ण शिडंही चढवली. पाण्यावर आठ फूट डेक राहायला हवा होता. बांधताना वजन वाढत गेलं आणि प्रत्यक्षात साडेसहाच्या आसपास राहिला. नौदलाच्या मुख्य आरेखकाचा विरोध होता, पण वर्तमानपत्रं आणि संसद कोल्सच्या बाजूची. ७ सप्टेंबर १८७० ला मध्यरात्रीनंतर स्पेनच्या फिनिस्टेर टोकाजवळ ती वाऱ्यात कलंडली आणि परत सरळ झालीच नाही. पावणेपाचशेच्या आसपास गेले. कोल्स जहाजावरच होता, तोही गेला. सोबतची बाकीची जहाजं त्याच वादळातून पार झाली.

तिच्या तोलाचं गणित मेटकाकांनी सांगावं, माझ्या आवाक्यातलं नाही.

---

निवृत्त_मेट

सांगतो, पण आकृती काढावी लागेल. रविवारी बसतो.